वजन उचलण्याआधी ते सोडायला शिका: जड बार्बेलकडे नव्याने वळणाऱ्यांसाठी

जड वजनाच्या व्यायामाला नव्याने आलेल्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारतो: बार, म्हणजे प्लेट लावलेली लांब दांडी, मध्येच अडकला तर तो कुठे जाईल? बहुतेकांकडे उत्तर नसतं. पाठ कशी ठेवायची, गुडघे कुठे जायला हवेत, श्वास कधी घ्यायचा, हे सगळं त्यांनी व्हिडिओत पाहिलेलं असतं. वजन पेललं नाही तर पुढे काय, हे मात्र कुणीच दाखवलेलं नसतं. आणि जड वजन उचलायचं म्हटलं की एक ना एक दिवस रेप, म्हणजे व्यायामाची एक आवृत्ती, अडकणारच.

लंडनच्या २०१२ च्या ऑलिंपिकमध्ये जर्मनीचा माथियास श्टायनर १९६ किलोचा स्नॅच, म्हणजे जमिनीवरून एका झटक्यात थेट डोक्यावर नेण्याची लिफ्ट, करताना खाली बसला, तोल गेला आणि बार त्याच्या मानेवर आदळला. हा माणूस २००८ चा सुवर्णपदक विजेता. तो स्वतःच्या पायांवर उठला, पण त्याची स्पर्धा तिथेच संपली. इतकी वर्षं तालीम केलेल्या माणसाचाही बार चुकू शकतो, तर आपला चुकणार नाही असं गृहीत धरून रॅकखाली, म्हणजे बार ठेवायच्या चौकटीखाली, जाणं बरोबर नाही. म्हणून या लेखात उचलण्याआधी सोडणं येतं.

पायरी १: बारला हात लावण्याआधी

उच्च रक्तदाब, हृदयविकार, हर्निया, काचबिंदू, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गर्भारपण यांपैकी काहीही असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला. ही नुसती औपचारिकता समजू नका. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बॉडीबिल्डरांच्या हाताच्या धमनीत नळी घालून, ते व्यायाम करत असतानाच रक्तदाब मोजला गेला. दोन्ही पायांनी जड लेग प्रेस, म्हणजे यंत्रावर पायांनी वजन ढकलण्याचा व्यायाम, करताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला होता. निरोगी शरीर काही सेकंदांचा हा चढ सहन करतं. रक्तवाहिन्या किंवा हृदय आधीच अडचणीत असेल तर हेच काही सेकंद महागात पडतात.

मग स्वतःकडे बघा. बोटातली अंगठी काढून ठेवा. बार आणि त्वचेच्या मध्ये ती अडकली तर बोटाची कातडी सोलून निघू शकते. गळ्यातली साखळी काढा, केस बांधा. धावण्याचे मऊ, जाड तळाचे बूट स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) आणि डेडलिफ्टला (जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहणं) नकोत. खांद्यावर वजन असताना तळ दबतो आणि घोटा डुलतो. सपाट, कडक तळाचे बूट पुरेत. वेटलिफ्टिंगच्या खास बुटांची टाच साधारण दीड-दोन सेंटीमीटर उंच आणि टणक असते. घोटा पुढे फारसा वाकत नसेल तर तिचा उपयोग होतो, पण पहिल्या दिवसापासून तिची गरज नाही.

पायरी २: बार, प्लेट आणि जागा

पुरुषांच्या वेटलिफ्टिंग स्पर्धेतला बार २० किलोचा, स्त्रियांचा १५ किलोचा. जिममधले सगळेच बार या मापाचे नसतात, तेव्हा विचारून किंवा तोलून खात्री करा. काही ठिकाणी किलोच्या आणि पौंडाच्या प्लेट एकाच ढिगात असतात. ४५ पौंड म्हणजे साधारण २०.४ किलो, हा फरक चालून जाईल. पण २५ पौंड म्हणजे ११.३ किलो. एका बाजूला २५ किलो आणि दुसऱ्या बाजूला २५ पौंड गेले की बार एका अंगाला लवंडतो, आणि हे बहुतेक वेळा बार खांद्यावर घेतल्यावरच कळतं. प्लेटवरचा आकडा आणि त्यापुढचं एकक, दोन्ही वाचायची सवय लावा.

रॅकवरच्या बारवरून प्लेट उतरवताना एकच बाजू पूर्ण रिकामी करू नका. एक इकडची, एक तिकडची, असं करत उतरवा. नाहीतर जड बाजू खाली जाते आणि रिकामं टोक उसळून वर येतं; समोर कुणाचा चेहरा असेल तर विचार करा. प्लेट उचलताना ती अंगाजवळ धरा, दोन्ही हातांनी. तीन तास मन लावून व्यायाम करून, शेवटी एका हाताने कोपऱ्यातली २० किलोची प्लेट ओढताना कंबर धरलेली माणसं मी पाहिली आहेत. व्यायाम संपला असं मनाने ठरवलेलं असतं, वजनाने नाही.

प्रत्येक सेटआधी, म्हणजे सलग मारायच्या रेपच्या प्रत्येक फेरीआधी, प्लेट घसरू नयेत म्हणून दोन्ही बाजूंची क्लिप लावा. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो बेंच प्रेसमध्ये, म्हणजे बाकावर आडवं होऊन बार वर ढकलण्याच्या व्यायामात, येईल.

पायरी ३: बार सोडण्याचा सराव

हा भाग पूर्णपणे रिकाम्या बारवर करायचा. मनात लाज बाळगू नका. आग लागण्याआधी बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवतात, तसंच हे आहे.

स्क्वॉट. रॅकच्या हुकांची उंची छातीच्या मधोमध असू द्या. हुक उंच असले तर बार काढताना आणि ठेवताना टाचा उचलाव्या लागतात. दमलेल्या अवस्थेत, शेवटच्या रेपनंतर चवड्यांवर उभं राहून बार हुकात बसवायची वेळ कुणावर येऊ नये. आता दोन्ही बाजूंच्या आडव्या सुरक्षा-दांड्या लावा, ज्यांना पिन किंवा सेफ्टी म्हणतात. तुमच्या सर्वांत खोल बैठकीत बार जिथे असतो, त्याच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली त्या हव्यात. अंदाजाने लावू नका. रिकामा बार घेऊन खाली बसा आणि कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. मग मुद्दाम तळाशी थांबा, थोडं आणखी खाली जा, बार पिनवर टेकवा आणि खालून बाहेर या. हे पाच वेळा करा. बार टेकताना मागे झुकायचं नाही, पुढेही कोसळायचं नाही. जसे बसलात तसेच सरळ खाली. ही हालचाल अंगवळणी पडली की जड वजनाखाली अर्धी भीती कमी होते.

पिन नसलेल्या जागी जड स्क्वॉट करू नका, हा माझा स्पष्ट सल्ला. वेटलिफ्टर मंडळी रबरी प्लेट वापरून बार मागे सोडतात: छाती वर, हात बारवरून मोकळे, आणि स्वतः पुढे उडी. हे प्रशिक्षकासमोर शिकायचं तंत्र आहे. लोखंडी प्लेट असतील किंवा मागे कुणी उभं असेल, तर ते करूच नये.

बेंच प्रेस. सगळ्या व्यायामांत मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते, कारण इथे बार गळ्याच्या आणि छातीच्या वर असतो आणि माणूस त्याच्याखाली आडवा असतो. एकट्याने बेंच मारताना बारखाली अडकून माणसं दगावली आहेत. त्यामुळे इथे सवलत नाही.

अंगठा बारभोवती गुंडाळलेला हवा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून धरण्याची एक पद्धत आहे. मनगटाला ती सोयीची वाटते, पण बार तळहातावरून सुटला तर मध्ये अडवायला काहीच नसतं.

बेंच रॅकच्या आत ठेवा आणि पिन अशा उंचीवर लावा की छाती फुगवून, पाठीला हलकी कमान देऊन झोपलात तर बार छातीला टेकतो, आणि पाठ सपाट केली की तोच बार पिनवर बसतो. हेही रिकाम्या बारने करून बघा. आणखी एक गोष्ट तपासा: बार पिनवर असताना मान त्याखालून मोकळी राहते ना? पिन फक्त छातीच्या हिशोबाने लावल्या आणि बार गळ्याकडे घसरला, तर त्यांचा उपयोग होत नाही.

पिनही नाहीत आणि मदतीला कुणी नाही, तर त्या दिवशी डंबेल घ्या. डंबेल दोन्ही बाजूंना सोडता येतात. तरीही बारच घ्यायचा असेल तर वजन हलकं ठेवा आणि क्लिप लावू नका. वर म्हटलेला अपवाद हाच. अडकलात तर एक बाजू तिरकी करून प्लेट घसरवता येतात. एका बाजूच्या गेल्या की बार दुसरीकडे झटक्याने फिरेल, याची जाणीव असू द्या. जवळ कुणी असेल तर ओरडून बाजूला व्हायला सांगा. बार पोटावरून मांड्यांकडे लोळवत नेऊन उठून बसता येतं, पण वजन जसं वाढेल तसा हा मार्ग पोटाला आणि कंबरेला जड जातो.

मागे मदतीला उभ्या राहणाऱ्याशी, म्हणजे स्पॉटरशी, सेटआधी चार वाक्यं बोला. किती रेप मारणार आहात, बार हुकातून काढून हवा का, हात कधी लावायचा, आणि मदत मागण्याचा शब्द कोणता. "घे" असा एक शब्द ठरवला तरी पुरे. त्याने हात लावला म्हणून तुम्ही सोडून द्यायचं नाही. बार हुकात बसेपर्यंत दोघांनीही ढकलायचं. आणि स्पॉटर म्हणून तुम्ही उभे असाल, तर मोबाइल खिशात आणि नजर बारवर. प्रत्येक रेपला बोटं लावून मदत करणाराही चांगला स्पॉटर नव्हे, कारण उचलणाऱ्याला स्वतःची ताकद किती हेच कळत नाही. स्क्वॉटला स्पॉटर मागे उभा राहतो आणि गरज पडल्यास दोन्ही हात छातीखालून घालून उचलणाऱ्याला वर आणतो. बार धरून ओढला तर तोल जातो. फार जड वजनाला बारच्या दोन टोकांना दोघे हवेत, आणि त्यांनी एकाच वेळी उचलायला हवं.

डेडलिफ्ट. इथे सोडणं सोपं आहे: बार मुळात जमिनीवरच असतो. रेप अडकला तर खाली ठेवा. अडकलेला बार वर नेण्यासाठी पाठ वाकवत, झटके देत राहणं हीच इथली खरी चूक. एक तळवा पुढे आणि एक मागे अशी मिश्र पकड घेत असाल तर तळवा पुढे केलेला हात कोपरात किंचितही वाकवू नका. वाकलेल्या कोपराने जड बार ओढताना दंडाच्या बायसेप्सचा कंडरा तुटू शकतो. हात दोरीसारखे ताठ, ओढ पायांची आणि नितंबांची. वर पोहोचल्यावर मागे झुकायचीही गरज नाही.

डोक्यावर प्रेस. बार अडकला की पुढे सोडा आणि एक पाऊल मागे जा. पाठ मागे वाकवून तो वर ढकलत राहू नका. क्लीन अँड प्रेस, म्हणजे बार जमिनीवरून खांद्यांवर घेऊन (क्लीन) मग हातांनी डोक्यावर ढकलणं (प्रेस), हा प्रकार १९७२ नंतर ऑलिंपिकमधून काढला गेला. खेळाडू इतके मागे झुकू लागले होते की योग्य लिफ्ट कुठली आणि अयोग्य कुठली हे ठरवणं पंचांना अवघड झालं होतं. त्या झुकण्याचा सगळा ताण कंबरेच्या मणक्यांवर येतो.

स्नॅच आणि क्लीन अँड जर्क (खांद्यांवर घेतलेला बार पायांच्या झटक्याने डोक्यावर नेणं) लेख वाचून शिकायचे नाहीत. प्रशिक्षक शोधा, काठीपासून सुरुवात करा. सोडण्याबद्दल मात्र एवढं लक्षात ठेवा: बार डोक्यामागे जायला लागला की हात सोडा आणि पुढे उडी मारा, पुढे जायला लागला की त्याला ढकला आणि मागे सरा. जाणारा बार वाचवायला जाऊ नका. बीजिंगच्या २००८ च्या ऑलिंपिकमध्ये हंगेरीचा यानोश बारान्याई १४८ किलोच्या स्नॅचमध्ये बार मागे जाताना त्याला धरून राहिला, आणि त्याचा कोपर निखळला. मागे पडलात तर जमिनीवर हात टेकू नका. क्लीनला मनगटाचे पट्टे, म्हणजे स्ट्रॅप, वापरू नका. हात सुटायलाच हवा. बार गळ्यावर दाबला जाऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर बार ताबडतोब पुढे टाका आणि एक गुडघा टेकून बसा. उभं राहून सावरायला गेलात तर बारवरच कोसळाल.

पायरी ४: श्वास आणि पाठीचा कणा

बार उचलण्याआधी पोट फुगेल असा श्वास घ्या. छाती वर चढवू नका. हवा कंबरेच्या बाजूंना आणि मागेही जाणवली पाहिजे. कुणी पोटात गुद्दा मारणार आहे असं समजून पोट आवळा. पोटातला हा दाब मणक्यांना आतून आधार देतो. खाली जाताना आणि वर येताना अवघड टप्पा पार होईपर्यंत श्वास धरा, मग सोडा. उभं राहून पुढच्या रेपसाठी नवा श्वास घ्या. एकाच श्वासात पाच रेप मारू नका. चक्कर याच सवयीतून येते.

कमरेचा पट्टा हा दाब वाढवण्यासाठी असतो. पोट त्याच्यावर ढकलायचं असतं. तो कंबर "धरून ठेवतो" अशी समजूत असेल तर पट्टा बांधून लोक अधिक निष्काळजी होतात. पहिले काही महिने पट्ट्याशिवाय पोट आवळायला शिका.

कण्याची नैसर्गिक वळणं जशी उभं असताना असतात तशीच वजनाखाली ठेवा. आणि बार नेहमी पावलाच्या मध्यावर, म्हणजे बुटाच्या लेसच्या गाठीवर. स्क्वॉट असो वा डेडलिफ्ट, बार या रेषेपासून पुढे गेला की कंबरेवरचा भार झपाट्याने वाढतो. स्वतःचा बाजूने व्हिडिओ काढा. आरशात बाजूने बघायला मान वळवली की त्या क्षणी कणाही वळतो.

पायरी ५: वॉर्म-अप

पाच मिनिटं अंग गरम होईल इतकी हालचाल, आणि मग त्याच व्यायामाचे हलके सेट. १०० किलोचा स्क्वॉट करायचा असेल तर रिकामा बार दहा वेळा, ४० किलो पाच, ६० किलो पाच, ८० किलो तीन, ९० किलो एकदा, मग १००. वजन वाढेल तसे रेप कमी. हलक्या सेटलाही तीच शिस्त ठेवा. खऱ्या जड सेटांच्या मध्ये तीन ते पाच मिनिटं थांबा. धाप लागलेली असताना पोट नीट आवळता येत नाही.

पायरी ६: वजन कधी आणि किती वाढवायचं

स्नायूंची ताकद काही आठवड्यांत वाढते. कंडरा आणि अस्थिबंध त्या वेगाने बळकट होत नाहीत, कारण त्यांना रक्तपुरवठा कमी असतो. म्हणूनच नवख्या माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, सगळं उत्तम चाललेलं असताना, कोपर किंवा गुडघ्याखाली ठसठस सुरू होते. ताकद आहे म्हणून वजन चढवलं, पण तो ताण पेलणारी दोरी अजून तयार नव्हती.

वजन टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याची पद्धत १९४० च्या दशकात थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांच्या पुनर्वसनासाठी वापरली. औषधाची मात्रा जशी मोजून वाढवतात तशी ती वाढवायची होती. तुम्हीही तसंच करा. पायांच्या व्यायामांना एका वेळी ५ किलो, वरच्या अंगाच्या व्यायामांना २.५ किलो किंवा त्याहून कमी. आधीच्या वजनाचे सगळे रेप नीट निघाले असतील तरच. एखाद-दोन रेप शिल्लक असताना सेट थांबवा. आपला एका रेपचा कमाल आकडा किती, हे तपासण्याची घाई पहिल्या सहा महिन्यांत अजिबात करू नका. मला ही गोष्ट वारंवार सांगावी लागते, आणि बाजूच्या रॅकवरचा माणूस काय उचलतो हे बघूनच ती मोडली जाते.

झोप कमी झाली असेल, ताप येऊन गेला असेल, तर त्या दिवशी वजन उतरवा. वहीत ते लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी आकडा का घसरला हे कळेल.

पायरी ७: कुठे थांबायचं

व्यायामानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू दोन्ही बाजूंना सारखे दुखत असतील, हालचालीने सैल होत असतील, तर ते नेहमीचं अंग दुखणं आहे. सांध्यात एका ठिकाणी टोचणारं, रेपगणिक वाढणारं दुखणं वेगळं. तिथे सेट तोडा. "कट्" असा आवाज होऊन ताकद एकदम गेली, जागा सुजली, निळी पडली, किंवा स्नायूचा आकारच बदललेला दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. तुटलेल्या कंडराच्या शस्त्रक्रियेला उशीर झाला की ती अवघड होते.

पुढच्या गोष्टींत घरी थांबून वाट बघायची नाही. छातीत दुखणं किंवा दाब, शुद्ध हरपणं, एकदम उठलेली भयंकर डोकेदुखी. कंबरदुखीबरोबर पायात शक्ती नसणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसण्याच्या जागी बधिरपणा, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं. ही मणक्याच्या तळाशी मज्जातंतू दाबले गेल्याची लक्षणं आहेत, आणि इथे काही तासांनी फरक पडतो. तिसरी गोष्ट नवख्यांनाच जास्त होते: सवय नसताना प्रचंड रेप मारले, स्नायू सुजून दगडासारखे झाले आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद तपकिरी आली. स्नायूंचा नाश होऊन त्यातली द्रव्यं मूत्रपिंडावर येतात. याला रॅब्डोमायोलिसिस म्हणतात. नुसतं पाणी पीत बसू नका, थेट रुग्णालयात जा.

साधी कंबर धरली असेल आणि वरचं काहीही नसेल, तर दिवसच्या दिवस अंथरुणात पडून राहू नका. सोसेल तेवढं चाला.

पायरी ८: दुखापतीनंतर किंवा खंडानंतर परत येताना

पहिल्या वर्षात माझी कंबर धरली होती. तीन आठवड्यांनी बरं वाटलं म्हणून मी पूर्वीच्याच वजनाकडे गेलो आणि पुन्हा तीन आठवडे घालवले. तेव्हापासून मी रिकाम्या बारने सुरू करतो, दर वेळी थोडं वाढवतो आणि त्याच क्षणी काय वाटतं यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी काय वाटतं ते बघतो. सकाळी दुखणं आदल्या दिवसापेक्षा वाढलेलं असेल तर मागच्या वजनावर परत. तेवढंच असेल तर तिथेच थांबायचं. कमी झालं असेल तर पुढची छोटी प्लेट. महिनाभराचा खंड पडला असेल, दुखापत नसली तरी, जुन्या वजनाच्या निम्म्यावरून सुरू करा आणि पिनची उंची पुन्हा तपासा. तुमची बैठक महिन्यापूर्वीइतकी खोल राहिलेली असेलच असं नाही.